खाजणावरचं शहर: मीरा-भाईंदर, भरती आणि हवामानाचा हिशेब

आजचा एपिसोड लोकलमध्ये ऐकत असाल आणि गाडी भाईंदरच्या पुलावरून जाणार असेल, तर एक काम करा. दोन मिनिटं मोबाइलवरून नजर काढा आणि खिडकीबाहेर बघा. खाली वसईची खाडी, काठाला तिवरं, मध्येच चौकोन-चौकोन पाडलेली सपाट जमीन. उन्हाळा असेल तर त्या चौकोनांत काहीतरी पांढरं चमकताना दिसेल. आपली आजची गोष्ट त्या चौकोनांपासून सुरू होते आणि आयआयटीच्या कॉम्प्युटरपर्यंत जाते.

इतिहासाचा एपिसोड म्हटलं की लोकांना किल्ला लागतो. ठीक आहे, किल्ला देते. भाईंदर पश्चिमेला, डोंगरी-उत्तनच्या वाटेवर धारावीचा किल्ला होता. हो, धारावीच. मुंबईतली नाही, ही वेगळी. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून घेतला. खाडीच्या तोंडावर कोण बसलंय, यावर वसईची रसद ठरत होती, म्हणून त्या ठिकाणाला इतकी किंमत.

झाला किल्ला. आता पाण्याकडे जाऊया, कारण या शहराचा खरा इतिहास पाण्यानं लिहिलाय. मी मीरा रोडला राहते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे "पाणी कुठपर्यंत आलंय?" हा प्रश्न "जेवलात का?" इतक्या सहज विचारला जातो. हे पाणी येतं कुठून? नुसत्या पावसातून नाही. त्यामागे काही शतकांचा हिशेब आहे.

खाजण म्हणजे काय?

मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाचं वायव्य टोक. उत्तरेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचं मुख. पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेला नॅशनल पार्कचे डोंगर. मधली जमीन इतकी सखल की उधाणाची भरती आली की खाडीचं पाणी आत शिरायचं आणि ओहोटीला परत जायचं. अशा भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीला आपल्याकडे 'खाजण' म्हणतात.

अशा जमिनीचं करायचं काय? कोकण किनाऱ्यावरच्या माणसांनी दोन उत्तरं शोधली. एक भात, दुसरं मीठ. गंमत बघा, दोन्हींचं तंत्र एकच: बांध. भाताला खारं पाणी बाहेर ठेवायचं, मिठाला खारं पाणी आत घ्यायचं.

आधी भात. खाजणाभोवती मातीचा बांध घालायचा. बांधात 'उघाडी' ठेवायची, म्हणजे पाण्याचं दार. भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं. पावसाचं गोडं पाणी शेतात साठतं, मातीतला क्षार धुऊन घेतं आणि ओहोटीबरोबर बाहेर जातं. दोन-चार पावसाळे असे गेले की त्या जमिनीत भात यायला लागतो. बी पेरायची रीतही वेगळी. मोड आणलेलं भात थेट चिखलात फेकायचं. याला 'रहू' म्हणतात.

पण मातीचा बांध म्हणजे कायमचं कामच. खेकडे भोकं पाडतात, लाटा माती खातात. एखाद्या उधाणाला बांधाला 'खांड' पडली, की एका रात्रीत खारं पाणी आत येतं आणि पुढची दोन-तीन वर्षं शेत वाया. म्हणजे माझ्या शेतासमोरचा बांध मी राखला नाही, तर बुडणार तुमचंही शेत. म्हणून बांध ही एकट्याची मालमत्ता असूच शकत नव्हती.

जुन्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यासाठी 'शिलोत्री' नावाची पद्धत होती. शिलोत्रीदार खाजणाला बांध घालायचा आणि बाहेरचा मोठा बांध राखायची जबाबदारी घ्यायचा. त्या बदल्यात कसणाऱ्यांकडून त्याला भाताचा वाटा मिळायचा. ही काही रामराज्याची व्यवस्था नव्हती, हे लक्षात घ्या. शिलोत्रीदार वाटा घ्यायचा आणि डागडुजीकडे काणाडोळा करायचा, अशी भांडणं असायचीच. पण व्यवस्थेचा गाभा पक्का होता: पाणी अडवण्याचं काम कोणाचं, आणि त्याचा मोबदला कोण देणार, हे ठरलेलं होतं. आज 'नैसर्गिक संसाधनांचं व्यवस्थापन' असं भारदस्त नाव ज्याला आहे, ते हेच.

पांढरा चौकोन

आता मीठ. मिठागर म्हणजे फक्त समुद्राचं पाणी वाळवणं, असं वाटतं ना? तेवढं सोपं नाही. उधाणाच्या भरतीला पाणी आधी मोठ्या साठवणीच्या खाचरात घ्यायचं. तिथून एकामागून एक उथळ वाफ्यांत फिरवायचं. प्रत्येक वाफ्यात ऊन आणि वारा थोडं पाणी उडवणार, राहिलेलं पाणी जास्त खारट होत जाणार. शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. त्या वाफ्याची जमीन आधी पायानं तुडवून-तुडवून घट्ट केलेली असते, नाहीतर पाणी मुरून जाईल आणि मिठात चिखल येईल. हंगाम पाऊस संपल्यानंतरचा. पहिला वळीव आला की खेळ खलास.

हे काम करणारा मोठा समाज आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून हे नाव आलं असं सर्रास सांगितलं जातं. शिवाय मीठ म्हणजे सरकारच्या तिजोरीचा विषय. इंग्रजांनी मिठावर कर बसवला, देखरेखीला खास खातं आणलं. १९३० च्या सत्याग्रहात वडाळ्याच्या मिठागरावर लोक तुटून पडले ते याच करापायी. आणि या इतिहासाचं एक शेपूट आजही वळवळतंय. मिठागरांच्या जमिनींचा मोठा भाग केंद्र सरकारच्या मीठ खात्याच्या नावावर राहिला. त्यामुळे त्या मोकळ्या राहिल्या, आणि मोकळ्या राहिल्या म्हणून आज प्रत्येकाची नजर त्यांच्यावर आहे. २०२४ साली मुंबईत धारावीच्या पुनर्विकासासाठी कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५५ एकर मिठागराची जमीन देण्याचा निर्णय झाला, तेव्हा जो वाद पेटला त्याचं मूळ इथे आहे.

कागदावर ही 'पडीक' जमीन. भरतीच्या नजरेनं बघा, ती पाण्याची पार्किंगची जागा आहे. उधाण आलं की खाडीचं जास्तीचं पाणी इथे पसरतं, थांबतं, परत जातं. तिवरांचंही तेच. त्यांची मुळं लाटेचा जोर मोडतात आणि गाळ धरून ठेवतात.

बांध सरकारकडे, माती विद्यापीठाकडे

स्वातंत्र्य मिळालं, जमीन-सुधारणेचे कायदे आले, शिलोत्रीदारासारखे मधले लोक बाजूला होत गेले. चांगलंच झालं. पण मग बांध कोण राखणार? १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा आला. पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा आला, आणि किनाऱ्यावरचे बांध ही सरकारी खात्याची जबाबदारी होत गेली. गावाचा माणूस बांधावरून खाली उतरला आणि अर्ज घेऊन ऑफिसात उभा राहिला.

याच काळात मातीचा अभ्यास विद्यापीठात गेला. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं. त्याचं पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र हा या सगळ्या गोष्टीतला माझा आवडता भाग आहे, कारण त्याच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. तिथल्या संशोधकांनी खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती तयार केल्या: पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३. नावात काही ग्लॅमर नाही, काम मात्र अवघड.

का अवघड, ते सांगते. खाऱ्या जमिनीतलं भात सगळ्यात नाजूक असतं दोनदा: रोप लहान असताना आणि फुलोऱ्यावर. पाऊस सलग पडत असेल तर क्षार खाली दबलेले राहतात. पावसानं दहा-पंधरा दिवस दडी मारली, ऊन पडलं, की जमिनीतलं पाणी वर चढतं आणि सोबत मीठ घेऊन येतं. रोपाच्या मुळाशी पांढरी साय धरते. म्हणजे खाजणातल्या शेतकऱ्यासाठी पाऊस एकूण किती झाला यापेक्षा त्यात खंड किती मोठा पडला, हा प्रश्न मोठा. 'हवामान बदल' हा शब्द पेपरात यायच्या कितीतरी आधी ही माणसं त्याच प्रश्नाशी झुंजत होती.

गाव ते महानगर, अवघ्या काही वर्षांत

आता कॅमेरा परत मीरा-भाईंदरवर. १८६४ साली खाडी ओलांडून रेल्वे आली, तरी पुढची शंभर वर्षं हा भाग गावांचाच राहिला: भाईंदर, नवघर, मीरा, काशी, घोडबंदर, राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून नगर परिषद झाली आणि २००२ च्या २८ फेब्रुवारीला महानगरपालिका. लोकसंख्या बघा. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास. २००१ ला ५ लाख २० हजार. २०११ ला ८ लाख ९ हजार. मुंबईत घर परवडत नाही म्हणून जो-जो उत्तरेला सरकला, त्याला इथे जागा मिळाली. माझ्या बिल्डिंगमधल्या जवळपास प्रत्येक घराची हीच कथा आहे, आणि त्या कथेत खलनायक कोणी नाही. माणसाला डोक्यावर छप्पर लागतंच.

पण छप्पर कशावर उभं राहिलं? पूर्वीच्या शेतांवर, खाजणांवर, खाडीकाठच्या सखल जागांवर. भराव टाकला, जमीन उंच केली, इमारत बांधली. आता शाळेतलं विज्ञान आठवा. भराव टाकल्यानं पाणी नाहीसं होत नाही, शेजाऱ्याकडे जातं. नवी सोसायटी दोन फूट उंचावर आली, की जुनी सोसायटी आपोआप खड्ड्यात जाते. जुन्या उघाड्या भरावाखाली गेल्या, नाले अरुंद झाले, आणि ओहोटीला पाणी सोडायचं दार कुठे होतं हे माहीत असलेली पिढी हळूहळू कमी झाली.

या सगळ्याला ब्रेक लागला तो बराचसा कोर्टातून. १९९१ साली केंद्रानं सीआरझेड, म्हणजे किनारी क्षेत्राचे नियम आणले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभरात तिवरतोडीवर बंदी घातली. २०१२ साली वन विभागात तिवरांसाठी खास कांदळवन कक्ष झाला. आणि २०१८ साली उच्च न्यायालयानं अंतिम निकालात सांगितलं, की तिवरं नष्ट करणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या, म्हणजे जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. ज्या झाडाला कालपर्यंत जळाऊ लाकूड समजलं जायचं, ते आता मूलभूत हक्कात जाऊन बसलं!

एका शहरात दोन पाऊस

आता येते तारीख जी तुमच्या आईवडिलांना पाठ आहे: २६ जुलै २००५. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला किती? साधारण ७३. तेच शहर, तोच दिवस. मुंबईची जुनी गटारव्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा बेतानं बांधलेली, आणि तेही ओहोटी असेल तेव्हा. भरती असेल तर गटाराचं तोंड समुद्राच्या पातळीखाली जातं आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी थांबून राहतं. उघाडीचं तंत्र आठवलं? तोच नियम. फक्त आता दार उघडायला-मिटायला माणूस नाही.

त्या दिवसानंतर प्रश्न बदलला. 'मुंबईत पाऊस किती' हा प्रश्नच अपुरा ठरला, 'कुठे किती' हे विचारावं लागलं. यावर काम करणाऱ्यांपैकी एक महत्त्वाचा गट आपल्या शेजारीच आहे. नॅशनल पार्कच्या उत्तर अंगाला काशिमीरा, दक्षिणेकडे पवई, आणि पवईत आयआयटी मुंबई. तिथे २०१२ पासून हवामान-अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम आहे. प्रा. सुबिमल घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं, की भारतात टोकाचा पाऊस सगळीकडे सारखा वाढतोय असं नाही. वाढतोय तो एका जागेच्या आणि दुसऱ्या जागेच्या पावसातला फरक. २०१८ च्या अभ्यासात त्यांच्या गटानं मुंबईकडे पाहिलं. काँक्रीट वाढल्यानं मोठा पाऊस आणखी जोरदार होतो आणि आणखी विषम पडतो, असा त्याचा निष्कर्ष. घोष यांना २०१९ साली भटनागर पुरस्कार मिळाला.

याच गटाच्या पुढाकारानं चेन्नईसाठी पूर-अंदाजाची यंत्रणा उभी राहिली. अशी यंत्रणा चालते कशी? पावसाचा अंदाज घ्या, भरतीची वेळ आणि उंची घ्या, नद्या-नाल्यांचा नकाशा घ्या, जमिनीचा चढ-उतार घ्या, आणि कॉम्प्युटरला विचारा: पाणी कुठे, किती वाजता, किती उंच? आता यातली सगळ्यात नाजूक गोष्ट सांगा बघू. जमिनीचा चढ-उतार! मीरा-भाईंदरसारख्या सपाट भागात अर्ध्या फुटाच्या फरकानं पाणी या गल्लीत की त्या गल्लीत, हे ठरतं. आणि आपल्याकडे एका रात्रीत दहा डंपर भराव पडतो. मॉडेल कितीही हुशार असू दे, नकाशा कालचा असेल तर उत्तरही कालचंच येणार.

समुद्राचं पासबुक

दुसऱ्या बाजूला समुद्र. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जातेय. हिंदी महासागरातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ही एक. विसाव्या शतकात इथली वाढ वर्षाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी होती. आता जगाचा आकडा ऐका. २००६ ते २०१८ या काळात जगभराची सरासरी वाढ वर्षाला ३.७ मिलिमीटर. मिलिमीटर ऐकून हसू येतं, मला माहितीये. पण हे पासबुकात दरवर्षी चढणारं व्याज आहे. पातळी थोडी चढली तरी गटाराचं तोंड पाण्याखाली राहण्याचा वेळ वाढतो.

त्यात वादळं. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवलं, की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. हा आकडा उत्तनच्या कोळीवाड्यात सांगायची गरज नाही. २०१९ ला क्यार आणि महा, २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते. वादळाची सूचना आली की बोट किनाऱ्याला. बोट किनाऱ्याला म्हणजे कमाई शून्य. आणि अवेळी पाऊस झाला की वाळत घातलेले बोंबील गेले. वैज्ञानिकाच्या तक्त्यातला एक ठिपका म्हणजे कोळणीच्या हंगामातले आठ दिवस.

आणखी एक पाणी राहिलं, नळाचं. एवढ्या पाण्यानं वेढलेल्या या शहराला स्वतःचं धरण नाही. पाणी येतं स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून. शिवाय पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पातून ४०३ दशलक्ष लिटर रोज आणायची योजना आहे, त्यात आपला वाटा २१८. ते धरण मुळात तिकडच्या शेतीसाठी बांधलं होतं, आणि तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी "आमच्या वाट्याचं पाणी शहराला का?" हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारलाय. आपण नळ उघडतो तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं.

मग करायचं काय?

मला या इतिहासातून एक गोष्ट दिसते. पाण्याचं ज्ञान दरवेळी पाण्यात उभ्या असलेल्या माणसापासून एक पायरी लांब गेलं. बांधावरून खात्यात, खात्यातून कोर्टात, कोर्टातून लॅबमध्ये. लॅब हवीच. १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, हे रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटानं मोजलं म्हणून आपल्याला कळलं. कोणत्याही बांधावरून ते दिसलं नसतं. पण कोणत्या गल्लीत जुनी उघाडी गाडली गेलीय, हे कोणत्याही उपग्रहातून दिसत नाही. ते राई-मुर्ध्याच्या एखाद्या आजोबांना माहितीये.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शहराच्या पूरनियोजनाची सुरुवात जुन्या खाजणांच्या नकाशापासून व्हायला हवी. उरलेली मिठागरं आणि तिवरं हे शहराचं राखीव पाणी-मैदान आहे, असं धरून चालायला हवं. आणि शिलोत्रीच्या काळातला प्रश्न परत विचारायला हवा: बांध कोण राखणार आणि मोबदला कोण देणार? आज त्याची किंमत उत्तनचा कोळी, सूर्याकाठचा आदिवासी आणि तळमजल्यावरचा भाडेकरू मोजतोय. भराव टाकणारा मोजत नाही.

तुमच्यासाठी होमवर्क. घरात किंवा शेजारी कोणी जुनं माणूस असेल, तर त्यांना विचारा: आपली बिल्डिंग उभी राहायच्या आधी इथे काय होतं? शेत, मिठागर, नाला, तळं? उत्तर फोनवर रेकॉर्ड करा, जागा आणि साधारण वर्ष सांगा, आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुरेशा आल्या तर त्यांचा नकाशा करू आणि एक अख्खा एपिसोड त्याच्यावरच करू. तोपर्यंत भरतीचं वेळापत्रक बघून घराबाहेर पडा. भेटूया पुढच्या भागात!